पाडव्याची किटली

आमच्याकडे पाडव्याला इडली असायची.
हे मी शाळेत एकदाच सांगितलं.
बाई हसल्या, वर्ग हसला,
पुढच्या वर्षी निबंधात
मी श्रीखंड लिहिलं, पुऱ्या लिहिल्या,
दहापैकी आठ मिळवले.

खरं असं होतं:
आई मिरजेच्या दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात,
आणि पोरं काही तिथी बघून थांबत नाहीत.
ज्यांच्या घरी पुरण शिजायचं त्या सिस्टरांना
आई आपणहून म्हणायची,
तुम्ही जावा गं, मी करते रात्र.
का म्हणायची, ते तिनं कधी सांगितलं नाही.
कवठ्याची आक्का म्हणायची,
पुरण वाटायचा कंटाळा, दुसरं काय!

गुढी बाबा उभारायचे.
सांगलीच्या पेठेत हळदीच्या वखारीवर दिवाणजी,
नखं बारा महिने पिवळी;
नव्या माणसाला वाटायचं, आत्ताच पूजेवरनं उठलेत.
काठीला खण, कडुलिंब, साखरेची माळ,
आणि घरातला एकुलता एक तांब्या
वर पालथा.

म्हणून सांबार किटलीत.

आठला ड्यूटी सुटायची.
फाटकासमोर तिपाण्णाचा गाडा,
किटली आई आदल्या रात्रीच ठेवून जायची.
तो कानडीत काहीतरी पुसायचा,
ती मराठीत सांगायची:
दोन मुलगे, एक मुलगी, सगळी सुखरूप.
मग तो मोजून वीस इडल्या बांधायचा
आणि वर तीन,
रात्री जन्मलेल्यांच्या नावच्या.

त्या वरच्या आम्ही भांडून खायचो.
एखाद्या वर्षी पाच असायच्या.
एका वर्षी एकही नव्हती.
त्या दिवशी आई बराच वेळ न्हाणीत होती,
बाबांनी रेडिओ मोठा केला,
आणि आम्हांला वाटलं,
तिपाण्णा चिकट झाला.

ती निवृत्त झाली त्या पाडव्याला
पहाटे चारला स्वयंपाकघरात दिवा.
नवं पुरणयंत्र, दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली.
पहिली पोळी फुटली.
दुसरी फुटली.
तिसरीचा नकाशा झाला.
प्रफुलच्या बायकोनं, निशिगंधानं, हात पुढं केला
तर आई म्हणाली, राहू दे,
पहिलटकरणीला वेळ लागतोच.

नैवेद्य झाला, पानं मांडली.
आम्ही छान म्हणालो,
इतक्या घाईनं म्हणालो
की तिनं चष्म्यावरून एकेकाकडं बघितलं,
ताप लपवणाऱ्या पेशंटकडं बघायची, तसं.

बाबा उठले. चप्पल घातली.
"पान टाकून कुठं?"
"आलोच."
आता घरात तांबे चार,
डबे तर विचारूच नका,
तरी त्यांनी माळ्यावरची किटलीच काढली.

रस्ता रुंद झालाय. तिपाण्णा नाही.
त्याचा मुलगा बसस्टँडमागं गाळ्यात असतो.
त्यानं ओळखलं.
बाबांना नाही, किटलीला.
वीस बांधल्या आणि विचारलं, वर किती?
बाबांना काही सुचेना.
हळदीचा भाव तोंडपाठ असलेला माणूस
तिथं नुसता उभा.
मग त्यानंच दोन टाकल्या.
कुठंतरी दोन झालीच असतील.

आईनं झाकण काढलं, वास घेतला.
इडलीला हात लावला नाही.
नकाशाची पोळी उचलली,
घडी घातली,
किटलीत बुडवली.
आम्ही बघत राहिलो.
ती सावकाश चावत होती,
गुढीकडं पाठ करून, पदराला ओघळ.

"कटाच्या आमटीत शेवगा घालत नाहीत," म्हणाली,
"घालायला पाहिजे."