उणे वीससाठीचं प्रमाण

युमाला होते तेव्हा
साबणाचे तीन थेंब आणि नळाचं पाणी,
एवढंच होतं प्रकरण.
वाळवंटातले किडे काचेवर पिवळे फुटायचे,
वायपर त्यांचा डिंक करायचा,
आणि नळाच्या क्षारांनी फवाऱ्याचं भोक बुजलं
की जांभळ्या डोक्याची टाचणी.
टाचणी अजून आहे. गाडीही तीच.
मीच तीन हजार किलोमीटर वर सरकले.

डुलुथच्या पहिल्या डिसेंबरात
टाकीतलं युमा गोठलं.
प्लास्टिक तडकल्याचा आवाज इतका बारीक,
की वाटलं गॅरेजात कुणी जिभेनं च्‌ केलं.

आर्व्हिड लाहतीला डायलिसिसला न्यायची मी
मंगळ, गुरू, शनी.
आमच्याकडे हे ग्रह असतात, म्हटलं त्याला.
तो बराच वेळ हसला. म्हणाला, मधला तेवढा बरा असणार,
त्या दिवशी नर्स सुई नीट टोचते.
चाळीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर काढलेली,
डोळे साखरेनं खाल्लेले;
उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच कळायचं.

नवी टाकी बसवली आणि स्वस्तातली व्होडका आणली.
दुकानदाराला म्हटलं, गाडीसाठी हवी आहे.
तो म्हणाला, सगळे असंच सांगतात.
निम्मी व्होडका, निम्मं पाणी.
दुधात घालतात तसं घातलं, अंदाजपंचे.

लेक अव्हेन्यूच्या उतारावर मीठ उडालं, मी फवारा सोडला,
वायपर एकदा गेला, आणि परत येईपर्यंत
काच पांढरी.
खिडकी उघडली, डोकं बाहेर काढलं,
कानाला चटका बसत होता, कशीबशी कडेला लागले.
आर्व्हिड शेजारी शांत बसलेला.
दिसत नाही ना? म्हणाला.
मग आता आपण सारखे.

त्याच दिवशी, सुया टोचलेला हात न हलवता,
त्यानं प्रमाण सांगितलं:
एक्क्याण्णव टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल दोन भाग,
उकळून थंड केलेलं नाही, डिस्टिल्ड पाणी एक भाग,
भांड्याच्या साबणाचा थेंब, जास्त नाही, फेस गोठतो.
शेगडीपासून लांब. डब्यावर नाव घाल.
मी मराठीत लिहिलं, विष, उणे वीस,
आणि खाली त्याच्यासाठी कवटी काढली,
जी त्याला दिसणार नव्हती.

डोळ्यात तेल घालून गाडी चालवावी म्हणतात;
काचेवर मात्र तेलाचा अंशही नको.
रोज बसल्या बसल्या तो एकदा फवारा सोडायला लावायचा.
आत वास यायचा. तो मान तिरकी करायचा.
आज पाणी जास्त झालंय.
किंवा, हं, बाहेर उणे बारा असेल, ठीक आहे.
बारा नसायचं. चौदा असायचं.
यापलीकडे चुकलेला मी पाहिला नाही.

मार्चमध्ये मुलगी येऊन त्याला घेऊन गेली,
टूसॉनला, तिथल्या डायलिसिसला.
जाताना त्यानं माझ्या गाडीच्या काचेवर तळवा ठेवला,
घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा,
आणि लगेच ओरडला, कारण ती थंडगार होती.

जूनमध्ये फोन आला.
इथे धुळीचं काय करता तुम्ही?
आणि हे किडे, मुलगी म्हणते पिवळे फुटतात.
मी सांगत गेले: अल्कोहोल नको, उन्हात उडून जातं.
डिस्टिल्ड पाणी. साबण, तीन थेंब.
नळाचं घेऊ नका, भोक बुजतं.
आणि बुजलंच तर?
तर टाचणी, म्हटलं. पाठवते.

पाकिटात घालायला तेवढी एकच वस्तू होती.
पोस्टातल्या बाईनं विचारलं, आत धोकादायक काही?
मी म्हटलं, टोचेल थोडी.

गॅरेजात अजून पाव डबा आहे, निळा नाही, बिनरंगाचा.
झाकण उघडून वास घेते मी कधीकधी.
मला नुसता दवाखान्याचाच येतो.