सात शिंपले
(लोटली, १८१३)

पंखा माझाच होता.
काबोच्या तळावरल्या लेफ्टनंटाच्या मेण्यात सापडला,
तो तिथे कसा, हे मला कुणी विचारलं नाही.
त्या संध्याकाळपासून आमच्या बलकांवावर
समोरासमोर दोन दगडी बाकं:
एकावर मी,
एकावर वाळत घातलेली सोलं.

पलटण जहाजावर चढली.
त्याने मागे वळून पाहिलं का, ठाऊक नाही.
मी कैऱ्या चिरत होते.

मग कुणा पोराने दगड मारला.
खिडकीतले सात शिंपले फुटले,
सात चौकोनांतून भर दुपारचं ऊन
थेट माझ्या पलंगावर,
आगाऊ पाहुण्यासारखं.

इनास सुतार आला.
तोंडावर देवीचे वण. त्याच साथीत बायको गेलेली.
शिंपला तासून तासून पातळ करी,
दिव्यासमोर धरी, म्हणे,
"बाय, ह्यातून आरपार दिसत नाही,
उजेड मात्र येतो."
मी म्हटलं, "किंमत सांग."

दोन दिवसांचं काम
त्याने सांजावपर्यंत पुरवलं.
मीही रोज शिंपले मोजताना
एखादा चुकत गेले.

काल विचारलं ते मीच.
तो रंधा हातात धरून तसाच उभा,
कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल.

आई म्हणते, सुतार!
त्यापेक्षा तो गोरा परवडला.

म्हणजे आता खरी बदनामी.
एस्कोलास्तिका, ऊठ,
समोरच्या बाकावरची सोलं उचल.
सातवा शिंपला
अजून बसवायचा आहे.