अंगावर काढणे

मंगळवारी सव्वादहाला
हडर्सफील्डच्या माझ्या स्वयंपाकघरात
कुकरची शिट्टी काढून ठेवते
आणि लॅपटॉप उघडते.
पडद्यावर तीन चौकटी:
हेदर, सुईण, इस्पितळातून;
दीपमाला, एकतिसावा आठवडा, ग्रिम्सबी,
मासळीच्या कारखान्यामागची वरची खोली;
आणि मी,
जिनं दोघींच्या मधे असायचं
पण दिसायचं नाही.

नियम असा, की पदरचं काही घालायचं नाही.
ती ‘मी’ म्हणाली की मीही ‘मी’ म्हणायचं.
म्हणून गेल्या वर्षभरात
मी अकरा वेळा गरोदर राहिले आहे.
एकदा माझं मूल पोटातच थांबलं,
आणि फोन ठेवून मी भाकरी थापली.

हेदर एकेक सांगते, घाई न करता.
डोकं दुखायचं थांबत नसेल तर.
उजव्या बरगडीखाली कळ आली तर.
बाळाचं हलणं मंदावलं तर
उद्यावर टाकू नकोस,
रात्रीचे तीन वाजलेले असोत, फोन कर.
डोळ्यांसमोर उजेडाचे ठिपके
(इथं मला शब्द शोधावा लागत नाही)
काजवे, मी म्हणते, काजवे चमकले तर.
दीपमाला हसते.
‘ते तर इथं आल्यापासून चमकतायत, ताई.
पहिल्यांदा खोलीचं भाडं ऐकलं तेव्हा.’
मी तेही सांगते. हेदर हसत नाही.
विचारते, आणि खरेखुरे?

‘कालपासून. डोकंही जरा.
एवढं काय त्यात, काढीन अंगावर.’

काढीन अंगावर.
मी इंग्रजीच्या दारात उभी,
हातात हे बोचकं, आत ठेवायला जागा नाही.
सहन करीन? तेवढंच नाही ते.
दुखण्याला पाहुण्यासारखं ठेवून घ्यायचं,
त्याचंही जेवणखाण करायचं,
आणि गेलं की कुणाला सांगायचं नाही, आलं होतं.
सुमनमावशीनं काढलं, सातव्या महिन्यात.
फेफरं आलं तेव्हा घरच्यांनी लिंबू उतरवलं.

मी सांगते: मी हे माझ्या अंगावरून जाऊ देईन,
कुणाला न कळवता.
हेदरचं पेन थांबतं.

तेवढ्यात दीपमाला केस मागे सारते
आणि मनगट दिसतं:
डोहाळजेवणासाठी आईनं पार्सलानं धाडलेल्या
हिरव्या बांगड्या
मासात रुतलेल्या. हात हलला,
त्या हलल्या नाहीत.
हेदरला तो दागिना.
बांगडी वाजायला हवी, हे तिला कोण सांगणार?

‘दुभाषीला काही बोलायचं आहे,’
मी म्हणते. नियमात तेवढी फट आहे:
स्वतःचं बोलायचं तर
स्वतःला ‘ती’ म्हणायचं.

मग सगळं भराभर.
गाडी निघाली आहे, घरात कोण आहे, दार उघडं ठेव,
दंडाला पट्टा बांधतील, हाताला सुई,
बांगड्या कापाव्या लागतील.
‘म्हणजे फोडायच्या?’
फोडायच्या नाहीत गं, वाढवायच्या.
हे हेदर म्हणालेली नव्हती.
काय सांगितलंस तिला, ती विचारते.
शब्द दुरुस्त केला, मी म्हणते.

चौकटी मिटतात. बिलावर बावीस मिनिटं.
पुढं काय झालं ते दुभाष्याला कळवत नाहीत.
साडेअकराला ब्रॅडफर्डचे एक आजोबा आहेत, दाढेसाठी.
मी कुकरला शिट्टी लावते,
आणि डाळ शिजेस्तोवर
आपलंच मनगट हलवून बघत बसते.
एकच बांगडी आहे माझ्या हातात.
वाजायला दुसरी नाही.