अठ्ठावीस वेळा

शनिवारी सकाळी, नारायण पेठेतल्या शाळेत,
तिसऱ्या मजल्यावर, जिथे नळाला पाणी चढत नाही,
मी चौथीच्या निवडलेल्या मुलांना
कागदाची एकेक पट्टी देते, बोथट कात्री देते.
लांबीत अर्धी करा. अर्ध्याची अर्धी.
अठ्ठावीस वेळा कापलीत की आला नॅनोमीटर.

अठ्ठावीसच? कैवल्य हसतो.
पाचव्या वेळी गप्प होतो.
सातव्याला पट्टी तांदळाच्या कणीएवढी,
आठव्याला हुमैरा जीभ बाहेर काढून कापते,
नवव्याला कुणीतरी शिंकतं
आणि अख्ख्या बाकावरचं विज्ञान उडून जातं.

उरलेले एकोणीस काप मी फळ्यावर करते.
खडू जातो तिथवर. कात्री जात नाही.

मग बाटली काढते. पाषाणच्या प्रयोगशाळेतल्या
मैत्रिणीने दिलेली, बोटभर, कोकम सरबतासारखी लाल.
हे सोनं आहे, मी म्हणते,
इतकं बारीक, की पिवळं राहायचं विसरलंय.
"कैच्या कै, बाई!"
मला हे आवडतं. निवड परीक्षेत याला गुण नव्हते.

फक्त वैभवी झारेकरी काही बोलत नाही.
बाटली उजेडात धरते, कानाशी नेऊन हलवते.
मग म्हणते, माझे पप्पा पहाटे रविवार पेठेत
सोनारांच्या दुकानांपुढची माती लोटतात.
गटारातली पण. घरी आणून धुतात.
दिसत काहीच नाही. पण असतं.
दिवाळीत जास्त असतं.

माझ्या वहीत पुढचं वाक्य तयार होतं:
"न दिसणाऱ्या जगात तुमचं स्वागत आहे."
वही मिटली.
विचारलं, धुतात कसं गं?

ती पुढे आली. ओंजळीचं घमेलं केलं, गोल फिरवलं,
नसलेलं पाणी कडेने हळूच सोडलं.
हलकं जातं, जड राहतं.
घाई केली तर सगळंच जातं.
वर्गभर ओंजळी फिरू लागल्या. माझीही.

मग तुमचं लाल का नाही? कैवल्यने विचारलं.
तिने माझ्याकडे पाहिलं.
त्यांचा कण अजून फार मोठा आहे, मी म्हटलं,
आणि मोठा हा शब्द
तोंडात जरा विचित्र वाटला.

घंटा झाली. मावशी केरसुणी घेऊन दारात.
वैभवी बाकाखाली, गुडघ्यांवर,
फरशीच्या फटीत बोट घालून.
थांबा मावशी, ती आतून म्हणाली,
केर टाकू नका. मला द्या.