शेवंतीची पेन्शन

ग्वाल्हेरची थंडी आधी कळते
जनकगंजात, माझ्या घोडीच्या गुडघ्यांना.
मग मी तेलात ओवा जाळतो,
खुरापर्यंत चोळत उतरतो;
ती मान वळवून बघते
माझेही कुरकुरतात का ते.

इद्रीस नालबंद म्हणाला,
आता अनवाणीच राहू दे हिला.
एक नाल बायकोनं दारावर ठोकली,
बाकी तीन खिडकीत गंजतायत.

सकाळी दूध डेअरीपर्यंत जायचं, यायचं.
वळणावर शेवंती थांबते. मीही.
घाई होती ते नवरदेव
कधीच उतरून गेले.

काल रात्री रस्त्यावरून बँड गेला.
तिनं कान टवकारले,
पुढचा उजवा उचलला नाचायला
आणि कुठं टेकवावा ते न सुचून
ठेवला माझ्या पावलावर.

बँड सराफ्याकडे वळेपर्यंत
मी पाय काढला नाही.