शिसं

वजनाच्या पोटात एक भोक असतं, त्यात शिसं.
शिशावर ठसा ठोकायचा: वर्ष, तिमाहीचं अक्षर.
एकतीस वर्षं मी एवढंच केलं,
रावेर, यावल, मधल्या सगळ्या वखारी,
पेट्रोल पंप, सोनार, भंगारवाले.
पिशवीत पितळी ठसा, हातोडी,
आणि उन्हाळ्यात एक कांदा.

आज हमीद तडवीनं घड उचलून धरला,
खांबावरच्या कॅमेऱ्यानं तो पाहिला,
आणि पापणी लवायच्या आत पडद्यावर उमटलं:
लोकल.
म्हणजे क्विंटलमागे सहाशे गेले.
"करपा नाही हा, म्याडम," हमीद म्हणाला,
"वाऱ्यानं पान घासेल आहे.
त्याले काय माहीत वारं?"
बागवाले नीळकंठ भंगाळे काहीच बोलले नाहीत.
माझ्या पिशवीकडे बघत राहिले.

काटा खोटा असला तर मी पकडते.
हे यंत्र तोलत नाही, ठरवतं.

मुंबईहून कागद आलाय:
राज्याचे नियम विचाराधीन, तोवर यंत्रांची नोंद ठेवावी.
त्याच आठवड्यात दिल्लीहून, जरा जाड कागदावर:
विषय अखिल देशाचा, राज्यांनी परस्पर काही करू नये,
नियम यथावकाश.
दोन्ही एकाच फायलीत, एकाच दोऱ्यानं बांधले.
गाठ माझी.

चोरवडचा नाका ओलांडला की मध्य प्रदेश.
याच कंपनीचं हेच यंत्र बऱ्हाणपुरातही आहे.
मागच्या मंगळवारी भंगाळ्यांनी याच बागेतला माल तिकडे नेला,
तर तो एक्स्पोर्ट.
पाऊण तासाच्या रस्त्यात करपा बरा झाला!
कंपनीचा पोरगा मान खाली घालून म्हणाला,
"तिकडची सेटिंग वेगळी आहे, मॅडम.
इकडे उद्या कारण छापावं लागेल असं ऐकलं,
म्हणून वरून आधीच कडक करून ठेवलंय."
वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही माहीत नव्हतं.

"म्हणून तर देशभर एकच कायदा पाहिजे," आडत्या शांतिलाल म्हणाला.
"माझी गाडी श्रीनगरपर्यंत जाते,
दर नाक्यावर नवा डोळा बसवू का?"
खरं आहे.
कचेरीच्या कपाटात जप्तीतले जुने शेर पडलेत,
रावेरी, बऱ्हाणपुरी, एक सावद्याचा, बुडाशी तासलेला.
मूठभर फरकावर किती घरं उभी राहिली.
किलो आला तेव्हा त्यांच्यासाठी कोणी रडलं नाही.

पण किलोला बाग नसते.
कांदेबागेचा घड आणि मृगबागेचा घड,
मे महिन्यातलं सत्तेचाळीस अंशांचं वारं
पान कसं कातरतं, आणि ते पान मग फळाला कसं,
हे दिल्लीच्या कुठल्या कलमात बसवणार?
मुंबईच्या तरी कुठल्या?
तिथून रावेर म्हणजे गाडी थांबते की नाही, तेवढंच.

केळं थांबत नाही. चार वाजता ट्रक भरला.
हमीदनं खाली पानं अंथरली, वरून पांघरली.
मी यंत्राभोवती एक चक्कर मारली.
सगळीकडून गुळगुळीत.
भोक नाही. शिसं ओतू कुठे?

मग काय सुचलं कोण जाणे,
ठसाच धरला कॅमेऱ्यापुढे.
एकतीस वर्षं घासून चकचकीत झालेलं पितळ.
या वेळी जरा वेळ लागला त्याला.
पिवळा. पिकलेला. लोकल.

हमीद खो खो हसला. मग भंगाळे, न राहवून.
मला सप्टेंबरात निवृत्ती आहे, मीही हसले.

नोंदवहीत सगळं उतरवलं:
वेळ, यंत्राचा क्रमांक, घडाचं वजन,
वाऱ्याबद्दल हमीदचं म्हणणं, त्याच्या सहीसकट.
शेवटचा रकाना, कोणत्या कायद्यान्वये.
छापणाऱ्यानं तिथे
बरीच जागा सोडली आहे.