आठ शिकंजे कमी

जुना दांडा ऑगस्टातच सुटला, पदरापदरानं,
ओल्या वहीची पानं सुटावीत तसा.
मूठ माझ्या हातात राहिली, आणि होडी
आपल्या मनानं वळत जाऊन
लव्हाळ्यात शिरून थांबली.
तिला त्याचं काही नव्हतं. एकसष्टचा जन्म तिचा,
माझ्याहून वाईट हात तिनं सुकाणूवर सोसलेत.

आता मार्च. कोर्पो बेटाभोवती समुद्र अजून पांढरा, मुका.
शेडमध्ये शेगडी पेटवून मी पट्ट्या काढतेय,
चार मिलिमीटर जाडीच्या, नऊ.
चार महोगनीच्या:
गावातली बँक बंद झाली तेव्हा तिचं काउंटर
मी चाळीस युरोत उचललं. बत्तीस वर्षं
त्याच्यावर लोकांचे पैसे मोजले होते.
रंधा फिरला की अजून
नोटांचा वास येतो, किंवा मला येतो.

उरलेल्या पाच अ‍ॅशच्या. कुंपणावरचं झाड.
हेल्गेनं ते न विचारता पाडलं, अकरा वर्षं झाली,
निम्मं खोड माझ्या गवतात लोटलं
आणि म्हणाला, "हा तुझा वाटा."
ते शेवटचं वाक्य.
लाकूड वाळत राहिलं.
इंचाला एक वर्ष धरावं, म्हणतात सुतार.
बाकीच्या गोष्टींचा हिशेब ते सांगत नाहीत.

सबंध फळी वाकवायला जा, मोडेल पण ऐकणार नाही.
तिच्याच पट्ट्या करा:
एकेक थोडी थोडी झुकते, शेजारणीवरून जराशी सरकते,
टोकाला छोटा जिना तयार होतो.
तिथंच गोंदानं त्यांना गाठायचं,
परत सरकायच्या आत.

आधी कोरडी तालीम. गोंदाशिवाय
साच्यावर पट्ट्या आवळल्या, मागून टॉर्च धरला.
फटींतून उजेड. इथं, इथं, आणि त्या वळणावर तर
पत्र सरकवता येईल एवढी.
शिकंजे चौदा होते.
बावीस लागणार होते.

त्याच्या दारात उभी राहिले. ठरवलेलं वाक्य
बर्फावरून येतानाच कुठंतरी पडलं.
म्हटलं, "आठ शिकंजे कमी आहेत."
त्यानं मोजून आठ काढले, बूट घातले,
आणि स्वतःही आला.
हे मी मागितलं नव्हतं.

एपॉक्सी कालवली की घड्याळ आपलं राहत नाही.
चाळीस मिनिटं.
धर. सरकतंय. वर घे. अगं, माझी बाही.
अकरा वर्षांचं बोलणं असं,
एकेका शब्दाचं, हातमोजे चिकट.
मी शेवटचा शिकंजा जीव खाऊन पिळत होते,
त्यानं मनगट धरलं:
"एवढं नको. सगळा गोंद बाहेर येईल.
सांध्यात काही उरायला हवं."
मग त्यानं पांढऱ्या पट्टीवर अंगठा फिरवला,
रेषा ओळखल्या असाव्यात.
बोलला नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी साच्यातून सोडला
तर दांडा बोटभर उलगडला.
उलगडतोच तो. म्हणून साचाच
बोटभर जास्त वाकडा करायचा असतो.
मला माहीत होतं, मी विसरले.
आता वळताना गुडघ्याला लागेल.
लागू दे.

तासला, घासला, काचकागदानं दोन शनिवार गेले.
वॉर्निशचे सात हात, मधे एकेक दिवस.
पांढरी, तांबूस, पांढरी:
मुठीपाशी तासताना थर उघडे पडले
तिथं नकाशातल्या उंचवट्यांसारख्या रेषा.

मे महिन्यात होडी पाण्यात जाईल.
तोवर शिकंजे परत करायचेत, आठही.
एका खेपेत जातील एवढेच आहेत ते,
माझ्याकडे ढकलगाडीही आहे.
मी एकेक नेते.
आज तिसरा.